आभाराची पोच

डॉ. पगारे यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. ग्लासवर स्टीलचं झाकण होतं आणि झाकणावर एक छोटी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती : 'पाणी. पिण्यासाठी.' खाली त्या दिवसाची तारीख आणि तारखेखाली कुणाची तरी सही. सही निळ्या शाईची होती. चिठ्ठीच्या कडा कात्रीने सरळ कापलेल्या होत्या. मी मुलाखतीला बसले होते, पण पहिला प्रश्न येण्याआधीच मला ती जागा आवडून गेली. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर गेली कित्येक वर्षं 'फिनाइल' लिहिलेलं आहे, आणि फिनाइलच्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही. आम्ही वास घेऊन ओळखतो.

ही प्रयोगशाळा सिन्नरच्या एमआयडीसीत आहे. द्राक्षं, बेदाणे, डाळिंब, कांदा यांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय, ते तिथे तपासतात. त्यांना रसायनशास्त्रातला अनुभवी माणूस हवा होता. मी रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे आणि सुट्टी लागली तर फक्त सुट्टी. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक नवी होते आणि दरवर्षी प्राचार्य सांगतात की यंदा जागा नक्की भरणार.

मुलाखत चांगली झाली. डॉ. धम्मपाल पगारे हे पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलेले प्रश्न नेमके होते आणि माझी उत्तरं त्यांच्याहून फार लांब नव्हती. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, "आम्ही घेतलं तर कॉलेज सोडाल?"

"सांगते," मी म्हणाले.

"पुढच्या शनिवारपर्यंत सांगा. आणखी एक उमेदवार आहेत. त्यांना मी थांबवून ठेवलंय."

इथे एक खुलासा करणं भाग आहे. 'सांगते' हे माझं प्रश्न टाळण्याचं साधन आहे. प्राचार्य जूनमध्ये विचारतात, "मॅडम, यंदा आहात ना?" आणि 'नाही' म्हणायचं पक्कं करून गेलेली मी 'सांगते' म्हणून परत येते. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक लागतं आणि त्यात सोमवारचा पहिला तास माझा असतो.

ही मुलाखत मी घरात नवऱ्याशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. पगारेंना उत्तर द्यायचं, मग बाकीच्यांना कळवायचं, असा क्रम ठरला होता. उत्तर द्यायला फक्त एक फोन पुरेसा होता. त्याऐवजी मी जे केलं, त्याचा हा वृत्तान्त.

संध्याकाळी राखीचा फोन आला. राखी माझी जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यात एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याचं काम करते, आणि सिन्नरच्या जागेची जाहिरात तिनेच मला पाठवली होती.

"मॅडम, थँक यू नोट पाठवली का?"

"कसली?"

"अहो, मुलाखत झाली की आभाराची मेल पाठवायची असते. चार ओळी. त्यावर माणूस ओळखतात हल्ली."

"मुलाखतीत ओळखत नाहीत?"

"मॅडम, प्लीज. एवढं करा."

मला ही कल्पना बरी वाटली, आणि का वाटली हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं. उत्तर द्यायचं नसलं की आभार मानणं सोयीचं पडतं.

पण आभार मानायचे म्हणजे नक्की काय करायचं, याची सवय आपल्याला नाही. आपल्याकडे आभारप्रदर्शन असतं ते कार्यक्रमाच्या शेवटी. तेव्हा लोक उठून चपला शोधत असतात आणि माइकवरचा माणूस मंडपवाल्यापासून सुरुवात करतो. घरात तर कुणी कुणाचे आभार मानतच नाही. शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी लग्नापासून रोज सकाळी चहा देते. एकदाच त्याने 'थँक यू' म्हटलं होतं, आणि तेव्हा त्याच्या कानाला फोन होता.

मी चार ओळी लिहिल्या. वेळ दिल्याबद्दल आभारी आहे, प्रश्न विचारप्रवर्तक होते, प्रयोगशाळेची शिस्त आवडली, कळावे. पाण्याच्या ग्लासचा उल्लेख घातला, मग काढला. मग शेखरला वाचून दाखवलं. माझी चूक इथून सुरू होते.

शेखर विमा कंपनीत आहे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं आहे. पण हे पाणचट वाटतंय. आम्ही दावा नाकारतो तेव्हा असं लिहितो."

सासूबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. लंकाबाई हे त्यांचं नाव. माहेर वणीकडचं, आणि कान तिथल्या मोकळ्या हवेतले. त्यांना ऐकू गेलं.

"कुणाचे आभार?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, एका ठिकाणी मुलाखत दिली, त्या साहेबांचे.

"त्यांनी काय दिलं?"

"काही नाही. प्रश्न विचारले."

"आन् उत्तरं कोणी दिली?"

"मी."

"मंग त्यांनी तुझे आभार मानावे. तू काहून मानती?" त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "आन् मानायचेच तर रिकाम्या हाताने? मोबाइलवर बोट दाबून? लय शिकली म्हणून काय झालं, रीत नाय का काही?"

शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता.

शेखरने माझ्या नकळत तो मसुदा खालच्या मजल्यावर नेला. खाली खंडेराव काका राहतात. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले आहेत, पण ती शाखा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत पाण्याची टाकी धुवायची असली तरी ते परिपत्रक काढतात, जावक क्रमांकासहित. रविवारी सकाळी ते चष्मा कपाळावर ठेवून वर आले.

"मॅडम, याला पत्र म्हणत नाहीत," ते म्हणाले. "विषय कुठाय? संदर्भ कुठाय?"

"काका, ती मेल आहे."

"मेल म्हणजे हवा. उद्या त्यांनी म्हटलं, मिळालीच नाही, तर? तुमच्याकडे पोच काय?"

"आभाराला पोच कशाला लागते?"

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, पोच नसली तर आभार मानले हे सिद्ध कसं करणार?"

पुराव्याशिवाय विधान करू नये, असं मीच वर्गात शिकवते.

दुपारपर्यंत काकांनी त्यांचा मसुदा टाइप करून आणला. तो असा :

'विषय : माझी मुलाखत घेतल्याबद्दल आभार मानण्याबाबत. संदर्भ : आपले कार्यालयात झालेली समक्ष मुलाखत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपण संदर्भीय दिनांकास माझी मुलाखत घेतली आहे. सबब मी आपली आभारी आहे. तरी सदर आभार स्वीकारण्यात येऊन तसे मला अवगत करण्यात यावे, ही विनंती.'

खाली मी 'आपली विश्वासू' होते. माझ्या सहीच्या खाली काही ओळींची जागा सोडलेली होती. ती कशासाठी, असं मी विचारलं. "राहू द्या, पत्राला मोकळीक बरी दिसते," काका म्हणाले. मी सही केली. माणसाने कोऱ्या जागेवर सही करू नये हे मला माहीत आहे, पण कोऱ्या जागेच्या वर करू नये, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारपासून कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे माझे तास नव्हते. काकांचा मेव्हणा गेणू त्याच दिवशी सिन्नरला कुणाकडे तरी निघाला होता. गेणूची वणीजवळ द्राक्षबाग आहे, पिकअप आहे आणि स्वभाव मोकळा आहे. रविवारी संध्याकाळी काकांकडे आला असताना त्याला कळलं की ताईंना साहेबाला पत्र द्यायचंय, तेव्हा तो म्हणाला, "दाजी, आपल्या भागातलं माणूस साहेबाच्या दारात मोकळ्या हाताने जातं का? एक पेटी टाकतो."

"नको," मी म्हणाले.

"ताई, संकोच करू नका. घरची द्राक्षं."

सासूबाई बाल्कनीतून म्हणाल्या, "आता कसं! याला म्हणत्यात रीत."

मी पुन्हा 'नको' म्हणाले. माझ्या 'नको'चा आवाज सुमारे झुरळाच्या चालण्याएवढा असतो, असं शेखर म्हणतो. झुरळ चालताना काही लोकांना तरी ऐकू येतं.

पिकअपमध्ये पुढे तिघांची जागा असते, म्हणजे अडीच माणसांची. उजवीकडे गेणू, डावीकडे काका, मधे मी, आणि माझ्या मांडीवर द्राक्षांची पेटी. मागे ठेवली तर घड खरचटतील, असं गेणूचं म्हणणं. द्राक्षं खरोखर देखणी होती. एकसारखे लांबट मणी, त्यांच्यावर धुक्यासारखी पांढुरकी लव. मोहदरीच्या घाटात प्रत्येक वळणावर मी त्या पेटीला आणि पेटी मला सांभाळत होती. काका मांडीवरच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पत्र घेऊन बसले होते, वरातीत कलश धरतात तसे.

फाटकापासून जरा अलीकडे मी म्हणाले, "मी आत येणार नाही. उमेदवाराने फाटकाशी घुटमळणं बरं दिसत नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "अर्जदाराने समक्ष भेटून दबाव आणू नये, असा नियमच आहे. आम्ही टपालासारखे जातो."

ते दोघं पेटी आणि पत्र घेऊन आत गेले. मी पिकअपमध्ये मान खाली घालून बसले. बाजूच्या कारखान्याचा चहावाला येऊन विचारून गेला की बरं वाटत नाही का.

आत काय घडलं ते मी नंतर दोघांच्या सांगण्यावरून जुळवलं. रखवालदाराने विचारलं, काय आणलंय? गेणू म्हणाला, द्राक्षं. रखवालदाराने त्यांना उजवीकडच्या खिडकीकडे पाठवलं, कारण त्या इमारतीत द्राक्षं घेऊन येणारा प्रत्येक माणूस उजवीकडच्या खिडकीकडेच जातो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, सोबत पत्र आहे का? काका म्हणाले, आहे, आणि मला याची पोच हवी. मुलगी म्हणाली, पोच मिळेलच. तिने नाव, गाव, प्लॉट विचारला. गेणूला वाटलं, साहेबाला सांगायला विचारतायत, द्राक्षं कुठली म्हणून. त्याने अभिमानाने सगळं सांगितलं, गट नंबरासकट. पेटीवर चिठ्ठी लागली. पत्रावर शिक्का बसला. पावती मिळाली.

काका पिकअपमध्ये चढले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "मॅडम, इतकं शिस्तीचं कार्यालय मी जन्मात बघितलं नाही. लगेच नंबर पडला!"

मी पावती वाचली. 'नमुन्याचा प्रकार : द्राक्षे. पाठवणार :' पुढे पत्रावरून घेतलेलं माझं नाव. 'तपासणी : औषधांश, संपूर्ण. सोबत : पत्र एक.'

"काका," मी म्हणाले, "त्यांनी ही द्राक्षं तपासायला घेतली आहेत."

"नोंद झाली ना? मग झालं."

गेणूने मात्र किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला. "तपासायला म्हणजे? औषध?"

"हो."

"आयला," गेणू म्हणाला. "परवाच फवारलंय की ओ."

मी पावती काकांच्या फोल्डरमध्ये परत ठेवली. मग मी विचारलं, "घरची द्राक्षं म्हणालात ना?"

"घरचीच हायेत. पण घरी खायला वेगळ्या चार ओळी ठेवल्यात, त्यांना काही मारत नाय. ती बारकी असत्यात, डागाळलेली. साहेबाला तसली कशी द्यायची? मोठ्या माणसाला द्यायची म्हणून बाजारच्या प्लॉटातली देखणी तोडली. तो प्लॉट अजून पंधरा दिवस तोडायचाच नव्हता."

आमच्या इमारतीत आदल्या आठवड्यात गेणूने घरोघर वाटलेली द्राक्षं बारकी आणि डागाळलेली होती. त्यावरून तिसऱ्या मजल्यावर बरीच नाराजी झाली होती. त्या दिवशी मला प्रथम समजलं की आम्ही त्याचे आभार मानायला हवे होते.

परत येताना मी प्रयोगशाळेत फोन केला. खिडकीतली मुलगी सभ्य होती. "मॅडम, भेट असा पर्याय आमच्याकडे नाहीये," ती म्हणाली. "नोंदलेला नमुना रद्द करता येतो. मूळ पावतीच्या मागे तुमची सही करून ती आणून द्या."

"उद्या सकाळी देते," मी म्हणाले, आणि स्वतःच्या तत्परतेचं मला जरा कौतुक वाटलं.

घरी पोचल्यावर मी आधी आंघोळ केली, कारण माझ्या मांडीवर आणि हातांवर काय होतं ते मला आता माहीत होतं. मग काकांकडे पावती मागायला गेले. त्यांनी ती आतल्या खोलीतून आणली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. पावती चकाकत होती.

"लॅमिनेट करून आणली," ते म्हणाले. "मूळ पोच आहे. दमट हवेत कागद टिकत नाही."

मी पावती उलटी केली. मागे सही करण्यासाठी चौकट होती. तिच्यावर बॉलपेन घसरलं, जेलपेन घसरलं. मार्करने सही झाली, पण काकांचा अंगठा लागला तेव्हा पुसली गेली. खिडकीतल्या मुलीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की लॅमिनेट केलेली पावती मूळ धरत नाहीत. ती झेरॉक्स असू शकते.

"बघितलंत?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या कार्यालयाबद्दलचा आदर आणखी वाढलेला होता.

मग मी दार लावून घेतलं आणि डॉ. पगारेंना मेल लिहिली. कुणाला वाचून दाखवली नाही. त्यात लिहिलं की ही पेटी भेट म्हणून आणली गेली आणि चुकून नमुना म्हणून नोंदली गेली. घड प्लॉटभर फिरून घेतलेले नाहीत, दिसायला चांगले म्हणून एका बाजूचे निवडलेले आहेत, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष प्लॉटला लावू नये. पेटीपुरता मात्र तो लागू राहील, तेव्हा पेटीतलं कुणी खाऊ नये, खिडकीतल्या लोकांनीही. फवारणी शनिवारची आहे. भेट देण्यात माझी संमती नव्हती, पण विरोधही पुरेसा नव्हता. एवढंच.

गुरुवारी अहवाल आला. आभाराच्या पत्राला उत्तर म्हणून दोन पानांचा तक्ता मिळालेली मी बहुधा पहिलीच उमेदवार असेन. एक बुरशीनाशक मर्यादेच्या बरंच वर होतं. शेवटी शेरा होता : 'सोबतच्या पत्रातील मजकूर तपासणीच्या कक्षेत येत नाही.'

गेणू संध्याकाळी आला. बूट दाराबाहेर काढून कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसला. "ताई, हा कागद कोणाकोणाला जातो?"

"फक्त मला."

"व्यापाऱ्याला?"

"नाही. पण त्याने तोडणीच्या आधी स्वतः तपासणी केली तर त्याला हेच दिसेल. तुम्ही पंधरा दिवस म्हणत होतात, तेवढे थांबाच. मग नीट पद्धतीने नमुना देऊन बघा."

"म्हणजे तुमच्या पत्रापायी माझंच भलं झालं की."

"तसं म्हणता येईल."

"मंग थँक्यू," गेणू म्हणाला आणि स्वतःच दचकला. सासूबाई आतून म्हणाल्या, "याला सुद्धा लागलं का ते?"

सगळे झोपल्यावर मी अहवालाबरोबर आलेला आलेख पुन्हा उघडला. सरळ, स्वच्छ पायारेषा आणि तिच्यावर प्रत्येक औषधाचं टोकदार, एकमेकांत न मिसळलेलं शिखर. मी असले आलेख वर्गात फळ्यावर खडूने काढते. कॉलेजच्या उपकरणाच्या खोलीला कुलूप आहे, कारण उपकरण महागडं आहे आणि वापरलं तर बिघडेल. किल्ली कुणाकडे आहे यावर मतभेद आहेत. तो आलेख मी किती वेळ बघत बसले, ते मोजलं नाही. तिथे बसून असलं काम करावं असं मला फार मनापासून वाटलं. एवढं मनापासून वाटलेलं काही मी बरीच वर्षं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी डॉ. पगारेंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या प्रकरणाची आमच्याकडे विसंगती म्हणून नोंद झाली होती," ते म्हणाले. "उमेदवाराने भेट पाठवली, असा आमच्या गुणवत्ता विभागाचा आक्षेप. निःपक्षपातीपणाचा मुद्दा येतो. मी तुमची मेल जोडली आणि विसंगती बंद केली."

"आभारी आहे," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"पत्रापेक्षा ती मेल चांगली होती. त्यात आभार नव्हते." पलीकडे ते हसले असावेत, पण खात्रीने सांगता येत नाही. "मला एवढंच म्हणायचंय. तुमच्याकडून आभार आले, द्राक्षं आली, खुलासा आला. उत्तर आलेलं नाही. उद्या शनिवार आहे."

"हो सर. सांगते."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले. शेखर बाहेरून सगळं ऐकत होता. तो आत आला.

"अगं, 'हो' म्हणायचं होतं ना?"

"हो."

"मग 'हो' का नाही म्हणालीस?"

"सवयीने."

"आई काही म्हणणार नाही. मीही नाही. अडलंय कुठे?"

मी विचार केला. "प्राचार्यांना काय सांगायचं, तिथे. त्यांना अजून माहीतही नाही."

या वाक्याचं आयुष्य फार थोडं होतं. शनिवारी सकाळी कॉलेजातून फोन आला की प्राचार्य सरांनी भेटायला बोलावलंय.

त्यांच्या टेबलावर काकांचं पत्र होतं. माझ्या सहीखाली जी जागा मोकळी सोडली होती, तिथे आता चार ओळी होत्या : 'प्रत, माहितीस्तव सविनय सादर : मा. प्राचार्य.' पुढे आमच्या कॉलेजचं नाव आणि पत्ता, पिनकोडसकट. नोकरीत असलेल्या माणसाने बाहेर केलेला पत्रव्यवहार योग्य मार्गाने जायला हवा, असा काकांचा नियम. त्यांनी प्रत स्वखर्चाने रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. काका बाहेर बाकावर बसलेही होते. कॉलेजच्या लिपिकाकडून प्रत मिळाल्याची पोच घ्यायला ते माझ्याबरोबर आले होते, आणि मला हे रिक्षात बसल्यावर कळलं.

"बसा मॅडम," प्राचार्य म्हणाले. माणूस खरंच चांगला आहे. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "सदर आभार. हे तुमच्या लेखणीतलं वाटत नाही."

"नाही सर. शेजाऱ्यांचं आहे."

"हां." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, मुलाखत दिली यात काही गैर नाही. मीही तरुणपणी दिल्यात. मी यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतो आणि विषय इथेच संपवतो. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की मुलाखत केवळ अनुभवासाठी दिली होती. पुढच्या महिन्यात मूल्यांकनाची समिती येतेय. तुमच्या विभागाच्या फायली तुमच्याशिवाय कुणाला सापडत नाहीत. आणि एक सांगू? यंदा जागा नक्की भरणार. मी स्वतः बोललोय."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

मी पेनाचं टोपण काढलं. दोन ओळी अवघड नव्हत्या. 'विषय' लिहावा लागेल, 'संदर्भ' लिहावा लागेल. लिहिल्यावर काका बाहेर आहेतच, तेही पोच घेतील. जूनमध्ये वेळापत्रक लागेल आणि त्यात सोमवारचा पहिला तास माझा असेल. सिन्नरला दुसऱ्या उमेदवाराला आज संध्याकाळी फोन जाईल. त्यांचाही आलेख सरळ येत असणार.

बाहेर काकांचा आवाज येत होता. "अहो, शिक्का उलटा बसलाय. पुन्हा मारा."

"लिहा ना मॅडम," प्राचार्य म्हणाले. "मायना नाही घातला तरी चालेल."

मी टोपण पुन्हा लावलं आणि पेन त्यांच्या बाजूला ठेवलं. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला, पण त्या खोलीत पंखा बंद होता, त्यामुळे तो पोचला.

"सर, या परीक्षा संपल्या की मी कॉलेज सोडते आहे. सिन्नरला रुजू होणार आहे."